केसरबाईंचा आवाज आणि तापलेला व्हॉल्व्ह

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी जण असतोच. पॉडकास्ट सुरू करायचाय, नाव ठरलंय, लोगो झालाय, माइकही आलाय. पण पहिला एपिसोड काही होत नाही. का? तर प्रीअँप कुठला घ्यायचा ते ठरत नाही. ट्यूबवाला की सॉलिड स्टेट? रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघायचे, कमेंट वाचायच्या आणि सकाळी पुन्हा तोच प्रश्न. आमच्या ग्रुपमध्ये तो जण म्हणजे मी.

हा नाद लागला त्याला एक कारण आहे. मी अकलूजची. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्याकडे येते, गोल रिंगण होतं आणि त्या रात्री गावातलं जवळपास प्रत्येक घर वारकऱ्यांनी भरलेलं असतं. गेल्या वेळी आमच्या ओसरीवर एक दिंडी उतरली होती. त्यात एक आजी होत्या. जेवणं झाल्यावर त्या हळू आवाजात काहीतरी पुटपुटत बसल्या होत्या. मी म्हटलं, आजी, म्हणा ना एखादी ओवी. माझ्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आणलेला माइक होता, छोटा इंटरफेस होता. आजींचं बोलणं अगदी बारीक, म्हणून मी गेन जवळजवळ फुल्ल केला. आजींनी ओवी सुरू केली आणि दुसऱ्याच कडव्याला त्यांचा आवाज असा काही चढला की शेजारच्या ओसरीवरची माणसं उठून आली. मीही ऐकण्यात इतकी रमले की स्क्रीनवरचा लाल दिवा दिसलाच नाही. पहाटे दिंडी पुढे निघाली. मी हेडफोन लावून ऐकलं, तर आजींचा चढा सूर जिथे जिथे होता तिथे तिथे आवाज फाटलेला. नुसती खरखर. आजींचं नाव-गाव विचारायचंही राहून गेलं होतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट शोधतेय. माणसाचा आवाज नीट धरून ठेवायला नेमकं काय लागतं? आणि हा शोध मला घेऊन गेला गोव्याच्या एका गायिकेकडे. त्यांनी आयुष्यभर आपला आवाज यंत्राच्या हाती फार जपून दिला, आणि त्यांचाच आवाज आज माणसाने बनवलेल्या इतर कुठल्याही वस्तूपेक्षा लांब जाऊन पोचलाय. केसरबाई केरकर त्यांचं नाव.

केरी ते मुंबई, व्हाया कोल्हापूर

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा. गाव केरी, तालुका फोंडा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. केसरबाई ज्या समाजात जन्मल्या तो देवळाच्या सेवेतला, गाणं-नाचणं परंपरेनं करणारा कलावंतांचा समाज. म्हणजे बघा, गाणं घरात होतं, कान तयार होता, पण गाणाऱ्या बाईला समाजात मान होता असं अजिबात नाही. लोक गाणं ऐकायला यायचे आणि गाणारीकडे खालच्या नजरेनं बघायचे. हे दोन्ही एकाच वेळी चालायचं. केसरबाईंचं पुढचं सगळं वागणं समजून घ्यायचं असेल तर ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा.

वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास घरचे त्यांना कोल्हापूरला घेऊन आले. तिथे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिक्षण सुरू झालं, पण ते जेमतेम आठ महिने टिकलं. पुन्हा गोवा. मग रामकृष्णबुवा वझे गोव्यात लामगावला येत, तेव्हा त्यांच्याकडे थोडं थोडं शिकणं. सोळाव्या वर्षाच्या आसपास कुटुंब मुंबईला आलं. तिथे सितारवादक बरकतुल्ला खाँ यांच्याकडे काही काळ तालीम. मग भास्करबुवा बखले यांच्याकडे. नावं मोजा: चार गुरू, चारही त्या काळातले दिग्गज, आणि चारही ठिकाणी शिक्षण मध्येच तुटलेलं. कुणी दुसऱ्या गावी गेलं, कुणाला वेळ नव्हता.

आपण एक सेमिस्टर बॅकलॉग राहिला तरी आयुष्य संपल्यासारखं करतो. केसरबाई वीस वर्षं अशा तुकड्या-तुकड्यांत शिकत होत्या. मुंबईत नाव होऊ लागलं होतं, मैफली मिळत होत्या. दुसरी एखादी तिथेच थांबली असती. पण त्यांना हव्या होत्या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडच्या चिजा.

आवाज हरवलेल्या माणसाची गायकी

अल्लादिया खाँ म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारातले गायक. त्यांची स्वतःची गोष्ट आवाजाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तरुणपणी अतोनात गाण्यामुळे त्यांचा आवाज बसला. गायकाचा आवाज जाणं म्हणजे काय, ते सांगायला नको. आवाज परत आला, पण पूर्वीसारखा नाही. मग खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी बांधली. आवाजाच्या गोडव्यापेक्षा सुरांच्या गुंफणीवर भर, लयीला धरून चालणाऱ्या पेचदार ताना, अनवट आणि जोड राग. म्हणजे ज्या घराण्याला आज आपण अवघड म्हणून मुजरा करतो, त्याच्या मुळाशी एक बिघडलेलं 'वाद्य' आहे.

खाँसाहेब सहजासहजी शिकवायला तयार होत नसत. केसरबाईंनाही बरीच वाट बघावी लागली, खाँसाहेबांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. अखेर १ जानेवारी १९२१ ला गंडाबंधन झालं. केसरबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. मुंबईत नाव असलेली गायिका पुन्हा पहिलीच्या वर्गात बसली, असं समजा. आधीचं बरंच विसरायचं आणि आवाज लावण्यापासून सुरुवात करायची. ही तालीम खाँसाहेबांच्या शेवटापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत चालली. पंचवीस वर्षं!

त्यातून जे तयार झालं ते काय होतं? खुला, रुंद, भरदार आकार. मंद्र सप्तकापासून तार सप्तकापर्यंत सुराचं वजन कुठेच कमी नाही. आवाज वर गेला म्हणून बारीक होत नाही, खाली आला म्हणून पोकळ होत नाही. दम असा की एका श्वासात सुरू झालेली तान कुठे संपणार याचा ऐकणाऱ्याला अंदाज लागत नाही. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर ताकद प्रचंड आणि चढ-उतारही प्रचंड. म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्याची परीक्षा.

माइकमागचा छोटा डबा

आता जरा थांबून ही परीक्षा काय असते ते बघू. प्रीअँपचा वाद इथूनच सुरू होतो.

माइकमध्ये आवाजाच्या लाटेने एक पातळ पडदा हलतो आणि त्यातून वीज निर्माण होते. पण किती? एक-दोन मिलिव्होल्ट, कधी त्याहून कमी. एवढ्याशा विजेने पुढची यंत्रं हलत नाहीत. तिला हजार पटीपर्यंत मोठं करावं लागतं. हे काम करणारा पहिला टप्पा म्हणजे प्रीअँप. तुमच्या आवाजाला यंत्राच्या जगात भेटणारा हा पहिला माणूस म्हणा ना. इथे जे बिघडेल ते पुढे कुणालाही दुरुस्त करता येत नाही.

हे मोठं करण्याचे दोन मार्ग. पहिला व्हॉल्व्हचा. आजोबांच्या पिढीला विचारा, ते 'ट्यूब' म्हणणार नाहीत, व्हॉल्व्हच म्हणतील. व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की तो तापेपर्यंत मिनिटभर थांबायचं, मग आवाज यायचा. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक तार तापते, त्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. माइककडून आलेला इवलासा सिग्नल त्या जाळीला दिला की ती धरणाच्या दारासारखी काम करते. दार जरासं हलवायचं, मागचं पाणी धो-धो वाहणार. १९०६ मध्ये ली द फॉरेस्ट यांनी ही जाळी बसवली आणि छोट्या सिग्नलचा मोठा सिग्नल करणं शक्य झालं. व्हॉल्व्हला दोन-अडीचशे व्होल्ट लागतात, तो तापतो, जुना होतो, टिचकी मारली तर आवाजात ऐकू येतं.

दुसरा मार्ग ट्रान्झिस्टरचा. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तो जन्मला. काच नाही, पोकळी नाही, तापायची वाट बघणं नाही. सगळं काम घन पदार्थाच्या आत, म्हणून सॉलिड स्टेट. लहान, स्वस्त, थंड, टिकाऊ.

मग वाद कशाचा? दोन्हींना झेपेल एवढाच आवाज दिलात तर चांगल्या बनावटीच्या दोन प्रीअँपमधला फरक ओळखणं फार कठीण आहे. फरक कळतो आवाज झेपेनासा झाल्यावर. व्हॉल्व्ह हळूहळू हार मानतो. लाटेचा माथा हलकेच गोल होतो. त्यातून मूळ सुरात जो जादा सूर मिसळतो तो बऱ्याचदा दुप्पट कंपनांचा असतो, म्हणजे तुम्ही 'सा' लावलात तर त्यात वरचा 'सा' मिसळला. कान म्हणतो, वा, आवाज भरल्यासारखा वाटतोय. ट्रान्झिस्टर शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा कापतो. त्यातून तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर येतात. तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम, तो एकवेळ चालेल. पण सातपट म्हणजे कोमल निषादाच्याही जरा खाली, कुठल्याच सुरात न बसणारा. अशा सुरांची गर्दी झाली की आपण म्हणतो, आवाज फाटला.

१९७३ मध्ये रसेल हॅम नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं म्हणणं होतं की स्टुडिओत गायक जोरात गातो तेव्हा माइकचे प्रीअँप आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा झेपेच्या पलीकडे जातात, आणि म्हणून हा फरक कानाला कळतो. आज पन्नास वर्षांनी इंटरनेटवर जी भांडणं चालतात, त्यांचं बी तिथे आहे.

तीन मिनिटांत राग कसा मावणार?

पुन्हा केसरबाईंकडे येऊ. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, कलकत्त्याला. त्या सुरुवातीच्या आवाजांत गौहर जान यांचा आवाज होता. तेव्हा माइक नव्हता, प्रीअँप नव्हता, वीजच नव्हती. गायकाने भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ कोरणार. १९२५ पासून जगात विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. माइक आला, व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आले. केसरबाईंच्या तबकड्या या दुसऱ्या काळातल्या. आधी 'ब्रॉडकास्ट' या कंपनीसाठी आणि मग 'एचएमव्ही'साठी त्यांनी मोजक्या तबकड्या दिल्या. नट कामोद, ललिता गौरी, कुकुभ बिलावल असे राग त्यांत आहेत.

मोजक्याच का? एक तर वेळ. ७८ च्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं बसत. मैफलीत जो राग तासभर उलगडायचा तो तीन मिनिटांत कसा सांगायचा? अख्खी कादंबरी एका रीलमध्ये कोंबण्यासारखंच. आणि दुसरं कारण विद्येचं. पंचवीस वर्षं खर्चून मिळवलेली चीज तबकडीवर दिली की ती कुणीही घरी बसून उचलणार. जयपूर घराण्यात विद्या जपून ठेवण्याची रीत होतीच, केसरबाई त्यात आणखी कडक होत्या असं सांगितलं जातं.

आपल्याला हे खटकतं. आपण सगळं अपलोड करणारी पिढी. पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. ज्या समाजात बाईचं गाणं म्हणजे पैसे फेकून मिळणारी करमणूक समजत, तिथे केसरबाईंनी उलटा नियम केला. मी कधी गाणार, कुणासमोर गाणार, किती मानधन घेणार, हे मी ठरवणार. श्रोत्यांनी नीट बसून ऐकायचं. त्यांच्या फटकळपणाचे किस्से पुष्कळ आहेत, त्यातले खरे किती आणि तिखट-मीठ लावलेले किती ते सोडून द्या. पण त्या फटकळपणाने एक गोष्ट केली: गाणाऱ्या बाईला मैफलीत मालकिणीची जागा मिळवून दिली. आवाज त्यांचा होता, आणि त्याचं काय करायचं हेही त्यांच्याच हातात होतं. मला त्या आजी आठवल्या. माइक लावताना मी त्यांना विचारलं होतं का, की हे रेकॉर्डिंग मी कुठे वापरणार आहे? नव्हतं विचारलं.

मान मिळत गेले. १९३८ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी त्यांचं गाणं ऐकून मनापासून दाद दिली. १९४८ मध्ये कलकत्त्याच्या रसिकांनी 'सूरश्री' ही पदवी दिली, ती पुढे नावाचाच भाग झाली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण, त्याच वर्षी महाराष्ट्राने राज्य गायिका म्हणून गौरवलं. साठच्या दशकात त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. आवाज पूर्वीसारखा लागत नाही असं जाणवल्यावर उगाच ओढत राहणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. शिष्या म्हणाल तर एकच, कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी. त्या दोघींच्या नात्यावर धोंडूताईंच्या विद्यार्थिनी नमिता देवीदयाल यांनी 'द म्युझिक रूम' हे पुस्तक लिहिलंय. इंग्रजीत आहे, पण नक्की वाचा.

१९५३ ची ती भैरवी

केसरबाईंच्या तबकड्यांमध्ये एक भैरवी आहे, 'जात कहाँ हो' या नावाची. १९५३ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली. लांबी साडेतीन मिनिटं.

साल बघा. ट्रान्झिस्टरचा शोध लागून सहा वर्षंही झाली नव्हती. बाजारात पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ यायला अजून एक वर्ष होतं. म्हणजे केसरबाईंच्या गळ्यातून निघालेला तो सूर माइकमधून जाऊन ज्या पहिल्या डब्यात शिरला, त्यात लालसर तापलेले व्हॉल्व्हच होते. तेव्हा कुणी 'ट्यूबचा वॉर्म साउंड' म्हणून ते लावले नव्हते. दुसरं काही उपलब्धच नव्हतं. उलट त्या काळातले इंजिनिअर व्हॉल्व्हमधून शक्य तितका स्वच्छ आवाज काढायला धडपडत होते. आज आपण ज्याला ऊब म्हणतो, ती त्यांच्या लेखी उणीव होती.

आणि ती भैरवी ऐकताना जे अंगावर येतं ते व्हॉल्व्हमुळे? युट्यूबवर ऐका आणि सांगा. खरखर आहे, वरचे बारीक ध्वनी नाहीत, तबला लांब वाटतो. पण आवाज समोर उभा आहे. साठ वर्षांच्या बाईचा, जरासा जाड झालेला, बिलकूल न थरथरणारा आवाज. तीन मिनिटांत त्यांनी अख्खी भैरवी सांगितली नाहीये, भैरवीचा एक तुकडा सांगितलाय. पण तो पूर्ण आहे. कुठे काय सोडायचं हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. कुठल्याच प्रीअँपवर त्यासाठी बटण नसतं.

सूर्यमालेबाहेर

१९७७ साली 'नासा' दोन याने दूरच्या ग्रहांकडे पाठवणार होती, व्हॉयेजर १ आणि २. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं, यातून पृथ्वीचा आवाजही जाऊ द्या. बारा इंचाची, तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली ग्रामोफोन तबकडी तयार झाली. त्यात पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात आपली मराठीही आहे. बाखच्या, बीथोव्हेनच्या रचना आहेत. संगीताचे सत्तावीस तुकडे. भारतातून एकच. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने आग्रह धरला होता तो केसरबाईंच्या भैरवीचा.

गंमत म्हणजे ती तबकडी शोधायला सेगन यांच्या चमूला बरीच वणवण करावी लागली. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. जी बाई आपल्या तबकड्या कुणाच्याही हाती सहज लागू देत नव्हती, तिची तबकडी सापडली ती अशी!

व्हॉयेजर २ निघालं २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबर १९७७ ला मुंबईत केसरबाई गेल्या. वय पंच्याऐंशी. व्हॉयेजर १ निघून अकरा दिवस झाले होते.

२०१२ मध्ये व्हॉयेजर १ सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्या बाहेर पडलं, २०१८ मध्ये व्हॉयेजर २. आज व्हॉयेजर १ आपल्यापासून २४०० कोटी किलोमीटरहून लांब आहे. प्रकाशाच्या वेगाने निघालेला संदेशही तिथून यायला बावीस तासांहून जास्त लागतात. आणि आता ट्यूब विरुद्ध सॉलिड स्टेटवाल्यांसाठी खास बातमी: यानातलं गणित करणारं सगळं यंत्र सॉलिड स्टेट. पण नेहमीच्या कामाचा संदेश पृथ्वीवर पाठवणारा जो अँप्लिफायर आहे, त्याच्या पोटात आहे एक निर्वात नळी. तापलेल्या तारेतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनची धार आणि तिच्यावर स्वार होऊन मोठा होणारा सिग्नल. व्हॉल्व्हचाच चुलत भाऊ. म्हणजे एकाच यानात दोघं शेजारी-शेजारी, कसलंही भांडण न करता, जवळपास पन्नास वर्षं काम करतायत. ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे.

मग घ्यायचा कुठला?

हा प्रश्न मी विसरले नाहीये. उत्तर कंटाळवाणं आहे, पण खरं आहे. बोलण्यासाठी, पॉडकास्टसाठी, व्हॉइसओव्हरसाठी तुमच्या इंटरफेसमध्ये जो साधा सॉलिड स्टेट प्रीअँप आधीच आहे, तो पुरेसा आहे. ज्याच्या 'वॉर्म' आवाजाचं जगभर कौतुक होतं तो नीव्ह कंपनीचा १०७३ प्रीअँपसुद्धा व्हॉल्व्हवर चालत नाही, ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मरवर चालतो. आणि बरेचसे स्वस्त ट्यूब प्रीअँप त्यातल्या व्हॉल्व्हला लागतात तेवढे व्होल्ट देतच नाहीत. काच लाल दिसते, फोटो छान येतो, बाकी काम आतला सॉलिड स्टेट भाग करतो. खरा ट्यूब प्रीअँप हाताशी आला आणि तो रंग आवडला तर जरूर वापरा. पण तो रंग आहे, आवाज नव्हे.

आणि माझ्या आजींची ओवी? ती ट्यूब प्रीअँपनेही वाचली नसती. कारण फाटलं ते पुढे, आवाजाचे आकडे करणाऱ्या चिपमध्ये, जिथे मर्यादेपलीकडे जागाच नसते. ती वाचली असती मी गाण्याआधी आजींना एकदा मोठ्यानं म्हणायला लावून गेन खाली आणला असता तर. फुकट काम होतं, अर्ध्या मिनिटाचं.

म्हणून यंदा पालखी येईल तेव्हा मी तोच जुना इंटरफेस घेऊन ओसरीवर बसणार आहे. त्याच आजी येतील याची काही खात्री नाही. पण दुसरी कुणी आजी येईलच. आधी नाव-गाव विचारेन. रेकॉर्ड करू का, ते विचारेन. नको म्हणाल्या तर माइक पिशवीत ठेवून नुसती ऐकेन. हो म्हणाल्या तर गेन कमी ठेवेन. तुमच्याही घरात अशी एक आजी असेल, एक मामा असेल, गल्लीत एखादे भजनी बुवा असतील. प्रीअँपचं ठरेपर्यंत थांबू नका.

माइक ऑन करण्याआधी

- गेन लावताना बोलून नाही, सगळ्यात मोठ्या आवाजात गाऊन किंवा म्हणून बघायला सांगा. तो सर्वांत चढा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.
- २४ बिटवर रेकॉर्ड करा. आवाज कमी आला तर नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.
- माइक तोंडापासून एक वीत लांब आणि जरा तिरका. 'प', 'फ', 'भ'चे फटके कमी होतात.
- पंखा बंद, खिडकी बंद. खोलीत गोधड्या, गाद्या, कपडे असतील तर उत्तम. नवीन प्रीअँपपेक्षा गोधडीचा फरक जास्त पडतो.
- सुरुवातीला नाव, गाव, तारीख आवाजातच नोंदवा. आणि परवानगी, तीही आवाजातच.